तुझी खोट तेवढी सांगितली नाहीस

मिलिंद,

रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाला त्यांनी माझ्या हातात माइक दिला. द्यायला नको होता. माझ्या आधी चार जण बोलून गेले होते. मिलिंद किती शांत, मिलिंद किती सरळ, मिलिंदने आयुष्यात कुणाला फसवलं नाही. पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत मी ते ऐकत होते आणि माझं डोकं तापत चाललं होतं. उठले आणि म्हणाले, "माझा भाऊ सहा वर्षं माझ्याशी खोटं बोलला." एवढंच. पुढचं वाक्य आलंच नाही.  मग विहारात मागून काका कुणाला तरी म्हणाले, "धक्का बसलाय तिला, खाली बसवा."

धक्का नव्हता बसला. राग आला होता आणि तो अजून आहे. पण माणूस थकला की त्याला रागही धड करता येत नाही, हे या वयात कळतंय. म्हणून माइकवर राहिलेलं इथे लिहिते. तू मध्ये बोलणार नाहीस, याची सवय अजून व्हायची आहे.

तुला खोटं बोलता येत नाही, यावरूनच तर आपली बावीस वर्षं भांडणं. हडपसरच्या आपल्या गोडाऊनमध्ये दुसरं काही असो-नसो, भांडण रोज ताजं असायचं. कंपन्या ऑफिसं रिकामी करायच्या, मी जाऊन खुर्च्या-टेबलांचा लॉट उचलायचे, तू दुरुस्त करायचास, मी विकायचे. घासाघीस माझी, पाना आणि स्क्रूड्रायव्हर तुझा. रद्दीच्या हातगाडीपासून इथवर मी माझ्या जिभेवर आले. मला धंद्याचा एकच नियम माहीत होता: मालाची खोट गिऱ्हाइकाने शोधायची, आपण दाखवायची नाही.

आणि तू! ते क्लासवाले सर आठवतात? तीस खुर्च्यांना 'हो' म्हणवून घेतलं होतं मी, अर्धा तास घसा कोरडा करून. टेम्पोत चढवायच्या वेळी तू मागून आलास.

"सर, त्या कोपऱ्यातल्या पाच घेऊ नका. बसल्या बसल्या खाली जातात."

सर हसले आणि पंचवीस घेऊन गेले. मी तुला तिथेच धरलं. "तू माझा भाऊ आहेस की त्यांचा?"

"ताई, उद्या एखादा मुलगा धपकन खाली गेला की ते परत इथंच येणार भांडायला."

"येऊ देत. भांडायला मी बसलेय ना?"

"तेच तर," म्हणालास तू आणि आत निघून गेलास.

नंतर तू बोलायचंच सोडलंस आणि खडू घेतलास. जी खुर्ची दुरुस्त होणार नाही तिच्या बैठकीखाली पांढरी फुली. मी ओलं फडकं घेऊन पुसायचे, दुसऱ्या दिवशी फुली परत तिथेच. किती वर्षं चाललं हे? आपण दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही.

तर असा तू. बाजारातल्या परक्या माणसाला पाच खुर्च्यांची खोट सांगणारा. आणि तुझ्या स्वतःच्या पोटात सहा वर्षं जी खोट होती, ती माझ्यापासून लपवलीस. दारूचा थेंब न घेता तुला सिरोसिस झाला होता. शुगर आणि लिव्हरमध्ये साठलेली चरबी, त्यातून लिव्हर आक्रसत, टणक होत गेलेलं. तुझ्या बायकोला, प्रज्ञाला माहीत होतं. घरच्या डॉक्टरांना माहीत होतं. औषधाच्या दुकानदाराला माहीत होतं! मला कळलं ते तू जाण्याच्या नऊ दिवस आधी, कॅज्युअल्टीच्या दारात, प्रज्ञाच्या पिशवीतल्या फायलीतून.

का सांगितलं नाहीस, हे विचारायला मी तुझ्या बायकोवर धावून गेले. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही त्या ड्रायव्हरला काय म्हणाला होता, आठवा."

मला आठवलं. टेम्पोवरचा आपला जुना ड्रायव्हर लिव्हरला सूज आहे म्हणून पंधरा दिवसांची सुट्टी मागत होता. हातात डॉक्टरची चिठ्ठी होती. मी ती उघडलीही नाही. सगळ्या हमालांसमोर म्हणाले, "लिव्हर उगाच सुजत नाही कुणाचं. माझ्या बापाचं सुजलेलं मी पाहिलंय. बेवडा मला गोडाऊनमध्ये नको." त्याच दिवशी त्याला काढलं. तू खाली बसून खुर्चीचं चाक बसवत होतास. मान वर न करता म्हणालास, "ताई, चिठ्ठी वाचून तरी बघायचीस."

"काय वाचायचंय त्यात? वास येतो."

वास येत नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं. आणि तुझा रिपोर्ट येऊन तेव्हा वर्ष झालं होतं, हे आता कळलं. बापाने दारूत घर बुडवलं तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. मी तुझा हात धरून विश्रांतवाडीच्या त्या खोलीतून शाळेत नेत होते आणि रस्त्यावरची पोरं आपल्याला 'बेवड्याची पोरं' म्हणून हाका मारायची. माझ्या तोंडून तेच नाव पुन्हा तुला पडेल, असं वाटलं तुला. माझ्या तोंडाची खात्री तुला माझ्यापेक्षा जास्त होती.

गेल्या आठवड्यात त्या ड्रायव्हरला फोन लावला. त्याने उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. बरोबर केलं.

आता एकेक गोष्ट जागेवर बसते आणि प्रत्येक वेळी नव्याने दमायला होतं. लॉकडाऊनचं घे. घरून काम सुरू झालं, जो तो खुर्ची मागत होता, कंपन्या ऑफिसं सोडत होत्या. एवढा धंदा आपण कधी पाहिला नव्हता. आणि तू घरात बसलास. जवळजवळ दोन वर्षं. लस आली तेव्हा रांगेत पहिला, पण गोडाऊनला यायला तयार नाही. मी एकटी मास्क लावून चौथ्या मजल्यावरून खुर्च्या उतरवत होते, लिफ्ट बंद होती. तुला फोन करून म्हणाले, "भित्रा आहेस. बाईमाणूस ओझी उचलतेय आणि तू खिडकीत बसून वाफ घे." तू म्हणालास, "ताई, तूही जपून राहा." बस्स. तेव्हापासून पाच वर्षं मी ती गोष्ट मनात धरून होते. प्रत्येक भांडणात ती बाहेर काढायचे. तुला डॉक्टरांनी बजावलं होतं की दुसऱ्याला चार दिवस ताप आणणारा आजार तुझ्या लिव्हरला झेपणार नाही. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. ते वाक्य तू पाच वर्षं गिळलंस.

डबा आठवतो का? दुपारी आपण दोघं खुर्च्यांच्या मधोमध बसून जेवायचो आणि मी तुझ्या डब्यात हात घालायचे. अळणी भाजी, अळणी आमटी. "प्रज्ञाला घरात मीठ मिळत नाही का रे?" हे मी रोज म्हणायचे. तिच्या तोंडावर, तिच्या माहेरच्या लोकांसमोरसुद्धा. तुझ्या पोटात पाणी साठू नये म्हणून मीठ बंद होतं. ती बाई सहा वर्षं माझ्याकडून सुगरणपणाचे टोमणे ऐकत राहिली आणि तुझा शब्द मोडला नाही. परवा तिच्या घरी जेवले. भाजीत मीठ होतं. 

आणि ते गोड, घट्ट औषध. तुझ्या टेबलाखाली बाटली असायची. "बद्धकोष्ठ आहे," म्हणायचास. मी त्यावरून हमालांना हसवायचे. ते मेंदू साफ राहावा म्हणून होतं, हे मला हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पोट साफ राहिलं की लिव्हरने न गाळलेली घाण डोक्यापर्यंत कमी पोचते म्हणे. हसवून घेतलंस स्वतःवर, पण सांगितलं नाहीस.

शीतलचं लग्न. माझ्या एकुलत्या एका लेकीचं. ती तीन वर्षांची असताना तिचा बाप घर सोडून गेला आणि तू दुसऱ्या आठवड्यात कारखान्यातली पक्की नोकरी सोडून माझ्या हातगाडीशी येऊन उभा राहिलास. "खुर्च्या दुरुस्त करता येतात मला," एवढंच म्हणालास. तिला सायकल तू शिकवलीस, कॉलेजच्या ॲडमिशनला तू उभा राहिलास. तू लग्नात मास्क लावून आलास आणि मी भडकले. आजूबाजूला कितीतरी लोक खोकत होते, पण आता कोण टेस्ट करतंय? "कोरोना गेला रे बाबा कधीच. फोटोत मामा दवाखान्यातून पळून आल्यासारखा दिसायला नको." तू मास्क हनुवटीखाली घेतलास, तसाच फोटो आला. फोटोवाला म्हणाला, "काका, काढाच पूर्ण." तू काढून खिशात ठेवलास आणि मग संध्याकाळपर्यंत खिशातच राहिला. त्या फोटोत तू फार छान हसतोयस. शीतल म्हणते, तो मोठा करून लावू. मी अजून हो म्हटलेलं नाही.

लग्नानंतर चौथ्या दिवशी तुला ताप. अंग ठणकतंय म्हणालास. मी तुझ्या घरी आले, बाहेरच्या खोलीत तू पांघरूण घेऊन बसला होतास. माझ्या पर्समध्ये पाठीच्या दुखण्याच्या गोळ्या असतातच. भारी गोळ्या, घेतल्या की तासाभरात मी पोती उचलते. गोळ्यांच्या पत्र्यातून सहा कात्रीने कापून तुझ्या हातात दिल्या.

"सकाळी एक, संध्याकाळी एक. जेवणावर."

तू त्या गोळ्यांकडे बघत राहिलास. "माझ्याकडे तापाची आहे, ताई. डॉक्टरांनी लिहून दिलेली."

"त्या पांचट गोळीने काय होतंय? घे म्हणते ना."

प्रज्ञा भाजी आणायला गेली होती, नाहीतर तिने हात धरला असता. तू एक गोळी तोंडात टाकलीस, पाणी प्यायलास. मी समोरच उभी होते. दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलं, "घेतोयस ना?" म्हणालास, "घेतोय." तिसऱ्या दिवशीही, "घेतोय."

दुखण्याच्या पाचव्या दिवशी ताप उतरला आणि तू गोडाऊनला आलास. मीच बोलावलं होतं. चाळीस खुर्च्या एका नव्या ऑफिसला जायच्या होत्या, साहेब दुपारी बघायला येणार होते. मी फोनवर होते. फोन ठेवून आत आले तर साहेब एकेक खुर्ची उलटी करून बघत होते आणि प्रत्येक खुर्चीखाली खडूची फुली. चाळीसच्या चाळीस. चांगल्या, नव्या जाळीच्या, ज्यांना तू स्वतः चाकं बसवली होतीस, त्यांच्याखालीही.

फुलीचा अर्थ साहेबांना कुठल्यातरी हमालाने सांगितला होता. ते मला म्हणाले, "बाई, तुमचाच माणूस म्हणतोय सगळा माल खराब आहे," आणि निघून गेले.

मी तुला काय काय बोलले, ते लिहीत नाही. तुलाही आठवतंय की नाही, माहीत नाही. डोकं फिरलंय का, धंदा बसवायचाय का, लॉकडाऊनमध्ये पळालास तसा आताही पळ. तू खडू हातात धरून उभा होतास. हात विचित्र हलत होता, पंख मारल्यासारखा. मग म्हणालास, "ताई, कुठली खराब आहे ते मला कळत नाहीये गं."

तुझं शटरच्या बाजूला तोंड होतं. उजेडात मला तुझे डोळे दिसले. हळदीसारखे पिवळे.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या शीतलच्या वयाच्या. विचारलं, "पूर्वीचा काही आजार?" मी म्हणाले, "काही नाही. थोडी शुगर. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही हो, लोखंडासारखा माणूस आहे." गिऱ्हाइकाला खुर्ची विकताना बोलते त्याच आवाजात. तेवढ्यात प्रज्ञा फाईल घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी चार पानं उलटली आणि माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तसंच बघितलं असतं.

कोरोना निघाला. लिव्हर आधीच काठावर होतं, ते घसरलं. पोटात पाणी, डोक्यात गोंधळ आणि किडन्याही मंदावलेल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुखण्याची कुठली गोळी घेतली होती का यांनी? त्यांनीही किडनी बिघडते." प्रज्ञा म्हणाली, "नाही, त्या गोळ्या आमच्या घरात येतच नाहीत." मी तिथेच उभी होते. पर्स काखेत होती.

मी गप्प बसले, मिलिंद. खोट आपण दाखवायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या केबिनबाहेर जाऊन सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न विचारता मी माझी खोट सांगितली. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "काल सांगितलं असतं तर बरं झालं असतं. उपचार आम्ही तेच केले असते. अशा लिव्हरला हे इन्फेक्शनही पुरतं. गोळीमुळेच झालं असं मला म्हणता येणार नाही, नाही झालं असंही म्हणता येणार नाही. त्यांनी किती घेतल्या?"

"सहा दिल्या होत्या."

"घेतल्या किती?"

ते तुलाच माहीत होतं, आणि तू तेव्हा प्रज्ञाला आई म्हणून हाक मारत होतास.

मग मी मला जमतं ते केलं. घासाघीस. माझं अर्धं लिव्हर घ्या म्हणाले. या अवस्थेत शस्त्रक्रिया होणार नाही म्हणाल्या. मग त्याला थोडं बरं वाटल्यावर घ्या, म्हणाले. तुमचं वय, तुमचं बीपी, म्हणाल्या. माझ्या लेकीचं घ्या, ती तरुण आहे. हे मी म्हणाले, माझ्या नव्या नवरीबद्दल, आणि शीतलने मागून "हो, घ्या" म्हटलं. डॉक्टरीणबाई चष्मा काढून टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मावशी, इथे कमी-जास्त करण्यासारखं काही नाहीये हो." आयुष्यभर मी समोरच्याचा चेहरा बघून ओळखत आले की हा अजून खाली येईल की नाही. त्यांचा चेहरा बघितला आणि बाहेर येऊन बाकावर बसले.

नवव्या दिवशी दुपारी तू गेलास. आदल्या दिवशी काचेतून तुला बघितलं तेव्हा तू चादरीवर बोटाने काहीतरी काढत होतास. दोन रेघा, एकमेकींवर. प्रज्ञा म्हणाली, उगाच हात हलतोय त्यांचा. असेल.

प्रज्ञावर मी आता रागवत नाही. तिने मला एक गोष्ट सांगितली. तू म्हणायचास, "ताईला सांगितलं तर ती माझ्या लिव्हरशीच भांडायला बसेल आणि जिंकली नाही की स्वतःला खाईल." हे ऐकून मी हसले. तुझ्या घरात, तुझ्या फोटोसमोर. हसता हसता माझं काय झालं ते जाऊ दे.

सोमवारी शटर उघडलं. चाळीस खुर्च्या तशाच उलट्या पडल्या होत्या. फडकं ओलं करून आणलं आणि परत बादलीत टाकलं. कुठल्या चांगल्या, कुठल्या खराब, आता मलाच बसून बघायचंय.

तुझ्या टेबलाचा खण मी बावीस वर्षांत कधी उघडला नव्हता. स्क्रूच्या डब्याखाली घडी घातलेला कागद होता. त्यात पत्र्याचा तुकडा. माझा, कात्रीने वाकडा कापलेला.

चार गोळ्या होत्या.

म्हणजे फोनवर "घेतोय" म्हणत होतास आणि गोडाऊनला आलास तेव्हा इथे आणून लपवल्यास. नको म्हणण्यापेक्षा हे सोपं वाटलं तुला. मी तुझ्या खुर्चीवर बसले आणि तुझ्या खोटेपणाचे इतके आभार मानले की स्वतःचीच लाज वाटली. मग परत मोजल्या. दोन नव्हत्या.

दोन कुठे गेल्या, मिलिंद? पहिली माझ्यासमोर तोंडात टाकलीस. गिळलीस की जिभेखाली ठेवलीस? आणि दुसरी? त्याच संध्याकाळी, अंग फारच ठणकलं म्हणून? की फेकलीस? डॉक्टरीणबाई म्हणतात, या विचारात पडू नका. त्यांना माझा स्वभाव माहीत नाही. मी सोडणाऱ्यातली नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

तेव्हा माझी बोली ऐक. दोन म्हणू नकोस. दोन मला झेपत नाहीत. एक म्हण. एकीवर मी आत्ता, या क्षणी मान्य करते. आणि जमलं तर तीही मी पाठ फिरवल्यावर मोरीत थुंकली होती म्हण. सहा वर्षं खोटं बोललास ना माझ्याशी? आणखी एकदा बोल. या वेळीही मी चिठ्ठी उघडून बघणार नाही.